थायरॉईड जिभेच्या बुडाशी का जन्मते?

कोलबाडचा_चाफा (ठाणे) | मंगळवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. हा धागा आरोग्य विभागात काढावा की विज्ञान विभागात, ते ठरत नव्हतं. शेवटी इथे काढला, कारण उपचारांबद्दल मला काही विचारायचं नाही. उपचार झाले, मुलगा ठणठणीत आहे. मला जे छळतंय ते वेगळंच आहे.

गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या दिवशी मुलाच्या शर्टाचं वरचं बटण लावत होते. गळ्यात अगदी मधोमध, कंठाच्या थोडी वर, चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली. मुलगा नऊ वर्षांचा. दुखत नव्हतं, ताप नव्हता. मनात नको ते सगळं येऊन गेलं. सर्जननी आधी त्याला पाण्याचा घोट गिळायला लावला, मग म्हणाले, "आता जीभ बाहेर काढ बघू, पूर्ण." त्याने जीभ काढली आणि गाठ वर सरकली. जीभ आत घेतली, गाठ खाली आली. मी त्याला तीनदा करायला लावलं. गळ्यातली गाठ जिभेला बांधल्यासारखी हलत होती.

नाव निघालं थायरोग्लॉसल सिस्ट. ऑपरेशनआधी सोनोग्राफी झाली ती गाठीसाठी कमी आणि थायरॉईड आपल्या जागी आहे ना हे बघण्यासाठी जास्त, कारण काही मुलांमध्ये असलेली सगळी थायरॉईड त्या गाठीतच असते आणि गाठ काढली की थायरॉईडच जाते. आमच्याकडे ती जागेवर होती. ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर गळ्यातल्या हायॉइड हाडाचा मधला तुकडाही काढतात, नाहीतर गाठ पुन्हा येते. सिस्ट्रंक नावाच्या सर्जनने १९२० मध्ये ही पद्धत मांडली, आजही तीच वापरतात.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भ २४ दिवसांच्या आसपास असतो तेव्हा थायरॉईड जिभेच्या मागच्या भागातून, घशाच्या तळातून, फुगवटा होऊन निघते. मग खाली उतरत उतरत सातव्या आठवड्यापर्यंत मानेत पोचते. ज्या नळीने ती उतरते ती नळी नंतर विरून जाते. नाही विरली तर पुढे अशी गाठ. जिभेच्या मागे एक बारीक खळगा उरतो, तो आपल्या सगळ्यांच्याच जिभेवर असतो म्हणे.

मी विचारलं, पण थायरॉईडचं काम मानेत, ती सुरू जिभेपाशी का होते? मानेतच का नाही तयार होत? डॉक्टर म्हणाले, गर्भात तसंच होतं. बाहेर पन्नास माणसं बसलेली होती, त्यांना दोष देत नाही. पण घरी आल्यापासून हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही. एवढा वळसा घालून यायचं कारण काय? इथे जीवशास्त्र शिकलेलं कोणी असेल तर सांगाल का?

अबोली_नेरुळ | मंगळवार, रात्री ११:५२

चाफाताई, माझ्या भाचीला हेच होतं. टाके आता दिसतसुद्धा नाहीत. प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही, पण धाग्यावर बसून राहणार.

जुनी_स्लाइड (नौपाडा) | बुधवार, सकाळी ६:१०

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते पन्नास कोटी वर्षांहून जुनं आहे. मी ३१ वर्षं कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवलं. थायरॉईडचा धडा मी नेहमी माणसापासून नाही, हर्डमानियापासून सुरू करायचो. बी.एस्सी. केलेल्यांना नाव ऐकताच फॉर्मालिनचा वास आठवेल. भारतात जवळजवळ प्रत्येक प्राणीशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्राणी कापलाय, एस. एम. दास यांचा १९३६ चा हर्डमानियावरचा ग्रंथ आमच्या पिढीचा आधार होता.

दिसायला तो बटाट्यासारखा, वर दोन तोंडं असलेला. समुद्राच्या तळाशी किंवा शंखाच्या पाठीवर चिकटून बसतो. एका तोंडाने पाणी आत घेतो, दुसऱ्याने सोडतो. जन्मभर जागचा हलत नाही. आपला नातेवाईक वाटत नाही ना? पण त्याची अळी पोहते आणि अळीच्या शेपटीत आपल्या कण्याचा पूर्वज असलेला पृष्ठरज्जू असतो.

आता त्याचा घसा उघडा. मोठी पिशवी, भिंतीत असंख्य भोकं, आणि पिशवीच्या तळाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पन्हळ. कौलाच्या कडेला पाणी वाहून न्यायला लावतो तशीच. तिला एन्डोस्टाईल म्हणतात. या पन्हळीतल्या पेशी सतत चिकट श्लेष्म सोडतात. बारीक केस ते दोन्ही बाजूंनी वर सरकवतात, घशाच्या भिंतीवर त्याची पातळ जाळी पसरते, पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव त्यात अडकतात. वरच्या बाजूला ही जाळी कापसाची वात वळावी तशी वळली जाते, आणि ती वात अन्ननलिकेत ओढली जाते. एवढंच त्याचं जेवण.

हीच पन्हळ अँफिऑक्ससच्या घशातही असते. बोटाच्या पेराहून थोडा मोठा, वाळूत रुतून राहणारा, माशासारखा पण कणा आणि जबडा नसलेला प्राणी. १८७३ मध्ये विल्हेल्म म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने हर्डमानियाच्या कुळातल्या प्राण्यांची, अँफिऑक्ससची आणि लँप्री या ईलसारख्या माशाच्या अळीची पन्हळ शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि म्हटलं, आपली थायरॉईड याच पन्हळीची वंशज आहे. तेव्हा थायरॉईड नेमकं काय करते हेही कुणाला माहीत नव्हतं. थायरॉक्सिन, म्हणजे तिचं हार्मोन, हातात यायला १९१४ उजाडलं, त्या वर्षी नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉलने ते वेगळं केलं.

म्हणजे ताई, तुमच्या मुलाची थायरॉईड वळसा घालून येत नाही. ती तिच्या मूळच्या जागेवर, घशाच्या तळावर, पन्हळ होती तिथेच जन्मते. मानेत उतरणं हा नंतरचा भाग. आपल्याला मान आली, तिचा पत्ता बदलला.

घणसोलीकर | बुधवार, सकाळी ९:०५

सर, वाचताना अंगावर काटा आला. पण माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याची अडचण सांगतो. पन्हळीचं काम अन्न पकडायचं. थायरॉईडचं काम रक्तात हार्मोन सोडायचं. एक तोंडाजवळ, दुसरी रक्ताजवळ. जागा एक आहे म्हणून वंशजही तीच कशी? दादर स्टेशनबाहेर जिथे आधी वडेवाला होता तिथे आता मोबाईलचं दुकान आहे, म्हणून मोबाईलवाला वडेवाल्याचा मुलगा ठरत नाही.

जुनी_स्लाइड (नौपाडा) | बुधवार, सकाळी १०:४०

अगदी बरोबर अडवलंत. जागेवरून नातं ठरत नाही. पुरावा पेशींत आहे.

ही पन्हळ एकजिनसी नसते. तिची आडवी चकती कापून मायक्रोस्कोपखाली ठेवली की वेगवेगळ्या पेशींचे पट्टे दिसतात. हर्डमानियाच्या कुळात आठ-नऊ. तळाकडचे काही पट्टे श्लेष्म करतात. पण कडेकडचे, शेवटचे दोन-तीन, श्लेष्म करत नाहीत. ते आयोडीन धरतात. पाण्यात किरणोत्सारी आयोडीन मिसळून प्राणी त्यात ठेवला, नंतर त्याची चकती फोटोच्या फिल्मवर ठेवली, तर फिल्म त्या पट्ट्यांपाशीच काळी पडते. लँप्रीच्या अळीवर असा प्रयोग गॉर्बमन आणि क्रीझर यांनी १९४२ मध्येच केला.

थायरॉईडमध्ये आयोडीन प्रथिनाला जोडणारं एक एन्झाइम असतं, थायरॉईड पेरॉक्सिडेज. ज्यांना हाशिमोटोचा आजार आहे त्यांच्या रिपोर्टवर 'अँटी-टीपीओ' लिहिलेलं असतं, तेच हे टीपीओ. त्याचं जनुक पन्हळीच्या त्याच पट्ट्यांत चालू असतं. गर्भात "इथे थायरॉईड करा" असा हुकूम देणारं एनकेएक्स२-१ नावाचं जनुकही पन्हळीत चालू असतं. उंदरात ते काढून टाकलं तर थायरॉईड होतच नाही, फुप्फुसंही नीट होत नाहीत. फुप्फुसंसुद्धा घशाच्या तळातूनच निघतात, हे जाता जाता लक्षात घ्या.

तुमच्या उपमेत सांगायचं तर दुकान बदललं, पण गल्ल्यावर तोच माणूस बसलाय आणि वजनकाटाही तोच आहे.

कोलबाडचा_चाफा (ठाणे) | बुधवार, दुपारी २:१५

सर, दुपारच्या सुट्टीत वाचतेय. डबा तसाच राहिलाय. पण मग आयोडीनच का? अन्न पकडणाऱ्या पन्हळीला आयोडीन कशाला हवं होतं?

खाडीतली_निवटी (ऐरोली) | बुधवार, रात्री ९:३०

यावर मी लिहू का? समुद्री जीवशास्त्रात संशोधन करते, थायरॉईडवर नाही पण समुद्रातल्या गाळून खाणाऱ्या प्राण्यांवर.

पहिली गोष्ट, आयोडीन समुद्राचं आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ५० ते ६० मायक्रोग्रॅम. समुद्री शेवाळ ते पाण्यातून खेचून प्रचंड प्रमाणात साठवतं. आयोडीनचा शोधच शेवाळाच्या राखेतून लागला, बर्नार्ड कूर्त्वाला, १८११ मध्ये. शेवाळ आयोडीनचा उपयोग ऑक्सिजनच्या मारक रूपांपासून स्वतःला वाचवण्यासाठी करतं.

दुसरी, आयोडीनला टायरोसिन हे अमिनो आम्ल सापडलं की ते त्याला चिकटतं. त्याला थायरॉईडची गरज नाही. १८९६ मध्ये ड्रेक्सेलला पंख्यासारख्या गॉर्गोनिया प्रवाळाच्या सांगाड्यात असं आयोडीन जडलेलं टायरोसिन सापडलं. प्रवाळाला ना घसा, ना ग्रंथी. थायरॉईडचं हार्मोन म्हणजे अशा दोन टायरोसिनची जोडी. चार आयोडीन असले की टी४, तीन असले की टी३.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा. समुद्री अर्चिनच्या अळ्यांना हे हार्मोन दिलं की त्यांचं प्रौढात रूपांतर लवकर होतं. आणि त्या अळ्या जे सूक्ष्म शेवाळ खातात त्यात हे हार्मोन असतं. म्हणजे "भरपूर खाल्लं, आता मोठं व्हायची वेळ झाली" हा निरोप अन्नातूनच येतो. घशात अन्न पकडणारी पन्हळ आणि शरीराला वाढीचा निरोप देणारी ग्रंथी या एकाच जागी येणं मला तरी मग अजिबात विचित्र वाटत नाही. अन्न जिथून आत येतं, निरोपही तिथूनच आत यायचा. पुढे कधीतरी तो निरोप शरीर स्वतः तयार करू लागलं. हा शेवटचा दुवा सिद्ध झालेला नाही, पण पटण्यासारखा आहे.

अँफिऑक्ससमध्ये तर दुवा दिसतो. त्याच्या अळीचं प्रौढात रूपांतर थायरॉईडच्या हार्मोननेच होतं. तिथे मुख्य काम ट्रायक नावाचा टी३चा भाऊ करतो, हे २००८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांच्या गटाने दाखवलं. बेडकाच्या टॅडपोलचं जे होतं तेच. १९१२ मध्ये गुडरनॅचने टॅडपोलना घोड्याची थायरॉईड खाऊ घातली तर ते वेळेच्या कितीतरी आधी पाय फुटून चिमुकले बेडूक झाले. खाऊ घातली, हे महत्त्वाचं. तोंडावाटे दिलेलं हार्मोन जसंच्या तसं काम करतं. इन्सुलिन असं तोंडाने घेता येत नाही, ते पोटात पचून जातं. थायरॉईडची गोळी मात्र आपल्याकडे घरोघरी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतात.

अबोली_नेरुळ | बुधवार, रात्री १०:०२

माझ्या सासूबाई गेली बारा वर्षं ती गोळी घेतात. आज पहिल्यांदा कळलं की ती अशी का चालते. एक विचारू का, उपवासाला सैंधव वापरतात त्यात आयोडीन असतं का? आमच्याकडे आता रोजच सैंधव चालू झालंय.

लॅबमधली_ताई (वाशी) | बुधवार, रात्री १०:४५

सैंधव खाणीचं मीठ, मुद्दाम घातल्याशिवाय त्यात पुरेसं आयोडीन नसतं. पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलंय का ते बघा. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, ते आपल्याकडे मुख्यतः मिठातूनच मिळतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, गलगंड झपाट्याने कमी झाले, त्यातूनच १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. डोंगरातली माती पावसाने धुऊन गेलेली, समुद्रातून आलेलं आयोडीन तिथे उरत नाही. सासूबाईंच्या बाबतीत मात्र काहीही बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

मूळ विषयावर मला काही सांगायचंय, उद्या लिहिते. सकाळी सहाला कलेक्शन असतं.

लॅबमधली_ताई (वाशी) | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसाला सगळ्यात जास्त येणाऱ्या टेस्टमध्ये थायरॉईडची टीएसएच असते. पण मला सांगायचंय ते रक्ताबद्दल नाही. आधी मी हिस्टोपॅथॉलॉजीत सात वर्षं होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या थायरॉईडच्या चकत्या कापायच्या, रंगवायच्या, स्लाइड करायच्या.

थायरॉईडची स्लाइड एकदा बघितलेला माणूस ती विसरत नाही. गोल गोल पोकळ्या, द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना लागून. प्रत्येक पोकळीभोवती पेशींची एकच रांग, मण्यांसारखी. आणि पोकळीत गुलाबी, जेलीसारखा पदार्थ. त्याला कोलॉइड म्हणतात. पेशी ज्या बाजूला काम करतात तिथे त्या जेलीच्या कडेला बारीक चावे घेतल्यासारखे दिसतात, नक्षी काढल्यासारखे. मला कधी कळायचं नाही की हार्मोन जर रक्तात जायचंय तर ही ग्रंथी ते आधी आत पोकळीत का साठवते. शरीरातली दुसरी कुठलीही हार्मोनची ग्रंथी असं करत नाही. इन्सुलिन करणाऱ्या पेशी ते पेशीतच बारीक पुड्यांमध्ये ठेवतात आणि गरज पडली की सरळ रक्ताकडे सोडतात.

थायरॉईडची पेशी उलटं करते. ती थायरोग्लोब्युलिन नावाचं अवाढव्य प्रथिन पोकळीत टाकते. पोकळीच्या काठावरच टीपीओ त्याला आयोडीन जोडतं. तिथे ते महिनोन् महिने राहतं. निरोगी माणसाच्या थायरॉईडमध्ये दोन-तीन महिने पुरेल एवढा साठा असतो. हार्मोन हवं झालं की पेशी पोकळीतल्या जेलीचा घोट घेते, आत पचवते, आणि त्यातून निघालेलं हार्मोन मागच्या दाराने रक्तात सोडते.

सरांचं आणि निवटीचं वाचून काल रात्री झोपताना हे एकदम लख्ख दिसलं. पन्हळीच्या पेशी काय करत होत्या? श्लेष्म पोकळीत, म्हणजे घशात टाकत होत्या. आयोडीन तिथेच, पोकळीच्या काठावर जोडलं जात होतं. मग ते गिळलं जात होतं, पचत होतं, आणि आतड्यातून रक्तात जात होतं. आपली थायरॉईड अजूनही तेच करते. पोकळीत टाकायचं, गिळायचं, पचवायचं, रक्तात द्यायचं. फक्त घसा मिटून बारीक बारीक पोकळ्या झाल्यात आणि गिळायचं काम ज्याची त्याची पेशी करते. त्या गुलाबी जेलीच्या जागी पूर्वी समुद्राचं पाणी होतं.

सर, हे बरोबर आहे का? की मी फार ताणतेय?

जुनी_स्लाइड (नौपाडा) | गुरुवार, रात्री ९:००

बाई, तुम्ही जराही ताणत नाही आहात. जुन्या तुलनात्मक शरीरशास्त्रात हाच तर्क मांडलाय, पण सात वर्षं स्वतःच्या हाताने चकत्या कापणाऱ्या माणसाने तो स्वतःहून गाठावा याचा मला अतिशय आनंद झाला. एकच बारकावा. थायरोग्लोब्युलिन हे विशिष्ट प्रथिन हर्डमानियाच्या कुळात किंवा अँफिऑक्ससमध्ये सापडलेलं नाही. ते लँप्रीपासून पुढे दिसतं. म्हणजे पद्धत जुनी, पण साठवणीचं हे भांडं पृष्ठवंशीयांचं स्वतःचं.

आणि लँप्री हाच या सगळ्या गोष्टीतला साक्षीदार आहे. लँप्री आपल्या नद्यांत नाही. थंड प्रदेशातला, जबडा नसलेला, ईलसारखा मासा. त्याची अळी काही वर्षं नदीच्या चिखलात बसून गाळून खाते, आणि तिच्या घशाखाली एन्डोस्टाईल असतो, पन्हळ. मग रूपांतराच्या वेळी त्या पन्हळीचा बहुतेक भाग नाहीसा होतो, उरलेल्या पेशी गोळा होऊन पोकळ्या करतात, आणि त्या पोकळ्या म्हणजे थायरॉईड. डेव्हिड मरीनने १९१३ मध्ये हे टप्प्याटप्प्याने दाखवलं. एकाच प्राण्याच्या एका आयुष्यात पन्हळीची थायरॉईड होते. वर्गात मी म्हणायचो, उत्क्रांतीने आपल्यासाठी ही एक जिवंत फिल्म राखून ठेवली आहे.

खाडीतली_निवटी (ऐरोली) | गुरुवार, रात्री ११:१५

सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते, पण 'फिल्म' या शब्दाशी मी आता सहमत नाही.

२०२१ मध्ये लँप्रीच्या अतिप्राचीन नातेवाईकांच्या पिल्लांचे जीवाश्म जाहीर झाले. त्यातला प्रिस्कोमायझॉन दक्षिण आफ्रिकेतला, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. काही पिल्लांना अंड्यातल्या बलकाची पिशवीसुद्धा अजून चिकटलेली. आणि ती पिल्लं चिखलात बसणाऱ्या आंधळ्या अळ्या नव्हत्या. त्यांना मोठे डोळे होते, चूषक तोंड होतं, ती प्रौढ लँप्रीची लहान प्रतच होती. म्हणजे गाळून खाणारी अळी ही लँप्रीच्या वंशात नंतर आलेली गोष्ट दिसते. मग ती आपल्या पूर्वजाचं चित्र कशी असेल?

दुसरं, हॅगफिश. लँप्रीचा सगळ्यात जवळचा भाऊ. त्याला अळीची अवस्थाच नाही. त्याची थायरॉईड गर्भात पन्हळ न होता, आपल्यासारखीच घशाच्या तळातून थेट तयार होते.

आणखी एक, लँप्रीमध्ये हार्मोनचं गणितही उलटं आहे. टॅडपोलमध्ये हार्मोन वाढलं की रूपांतर होतं. लँप्रीमध्ये रूपांतर सुरू होताना ते रक्तात कमी होतं. थायरॉईड दाबणारं रसायन दिलं तर अळी लवकर बदलते. असा उलटा चालणारा प्राणी आपल्या इतिहासाचा नमुना मानायला मी बिचकते.

जुनी_स्लाइड (नौपाडा) | शुक्रवार, पहाटे ५:४०

रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. २०२१ च्या जीवाश्मांबद्दल मी वाचलं होतं, पण ते आणि माझा धडा मी कधी समोरासमोर ठेवले नव्हते. तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय. लँप्रीची अळी म्हणजे आपला पूर्वज, असं मी अनेक तुकड्यांना शिकवलं. ते वाक्य मी आज शिकवणार नाही.

पण कुठे थांबायचं तेही बघूया. लँप्रीची अळी बाजूला ठेवली तरी अँफिऑक्सस आणि हर्डमानिया राहतातच. आयोडीनचे पट्टे, टीपीओ, एनकेएक्स२-१ त्यांच्याकडे आहेत आणि पन्हळ दोघांकडेही आहे. हे दोघे आपल्या तिघांच्या समाईक पूर्वजापासून वेगवेगळ्या वाटांनी आलेले. दोघांकडे असलेली वस्तू त्या पूर्वजाकडे असणार, हा तर्क लँप्रीवर उभा नाही. पडतो तो फक्त पन्हळ ते थायरॉईड हा प्रवास कसा झाला याचा दाखला. पन्हळीपासून थायरॉईड आली हे नाही पडत.

आणि लँप्रीच्या वंशात नंतर आलेल्या अळीला पन्हळ पुन्हा बांधता आली हेसुद्धा काहीतरी सांगतं ना? ज्या पेशी गरज पडल्यावर पुन्हा पन्हळ होऊ शकतात, त्यांच्यात पन्हळीची कृती शिल्लक होती.

खाडीतली_निवटी (ऐरोली) | शुक्रवार, सकाळी ८:५०

सर, हे मला पूर्ण पटलं. शेवटचा मुद्दा मी असा कधी पाहिलाच नव्हता.

एक भर घालते. २०२५ मध्ये कॅल्टेकमधल्या मारियान ब्रॉनर यांच्या गटाने दाखवलं की लँप्रीच्या अळीची पन्हळ घडताना न्यूरल क्रेस्टच्या पेशींचा वाटा असतो. या पेशी भ्रूणाच्या पाठीकडून निघतात, भटकत जातात, आणि त्या पृष्ठवंशीयांतच असतात, अँफिऑक्ससकडे नाहीत. तुमच्या प्रश्नाकडे परत येते, चाफाताई: घशाचा तळ जुना, आणि त्याची ग्रंथी घडवायला पाठीकडून आलेले हे नवे कारागीर. मला आज या विषयातलं सगळ्यात रोचक दार हेच वाटतं.

दिवाळ्याची_जुई (बेलापूर) | शुक्रवार, दुपारी १२:२०

मी नेहमी वाचते, लिहीत नाही. आमचं घर दिवाळे कोळीवाड्यातलं. निवटीताईंनी रूपांतराचं लिहिलं म्हणून विचारते. आमच्याकडे लेपा येतो. चपटा, जिभेसारखा मासा, दोन्ही डोळे डाव्या अंगाला आणि उजवं अंग पांढरं. आजी सांगायची की तो जन्मताना सरळ असतो, मग आडवा पडतो. साफ करताना मी दर वेळी ते डोळे बघते, एक थोडा पुढे, एक मागे, तोंड वाकडं झालेलं. आजीचं खरं आहे का? यात थायरॉईडचा काही संबंध असतो का?

खाडीतली_निवटी (ऐरोली) | शुक्रवार, दुपारी १:०५

जुई, आजीचं शंभर टक्के खरं आहे. लेप्याचं पिल्लू इतर माशांसारखं सरळ पोहतं आणि त्याचे डोळे दोन बाजूंना एक एक असतात. मग एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो आणि मासा कुशीवर पडून राहायला लागतो. जपानमध्ये हिरामे या चपट्या माशावर १९८५ मध्ये प्रयोग झाले. पिल्लांना थायरॉईडचं हार्मोन दिलं तर डोळा वेळेआधी सरकला. थायरॉईड दाबणारं औषध दिलं तर पिल्लं मोठी होत गेली, पण सरळच पोहत राहिली. डोळा हलला नाही.

म्हणजे तुझ्या विळीखाली दर वेळी थायरॉईडचं काम येतं.

दिवाळ्याची_जुई (बेलापूर) | शुक्रवार, दुपारी १:३०

आजी असती तर तिला आत्ता जाऊन सांगितलं असतं.

घणसोलीकर | शुक्रवार, रात्री ८:१०

तीन दिवस हा धागा ट्रेनमध्ये वाचतोय. माझी वडेवाल्याची उपमा मी मागे घेतो. एक शंका राहिली. थायरॉईडला थायरॉईड का म्हणतात? आयोडीनशी काही संबंध?

जुनी_स्लाइड (नौपाडा) | शुक्रवार, रात्री ८:४०

नाही. १६५६ मध्ये लंडनच्या थॉमस व्हार्टनने शेजारच्या कूर्चेवरून नाव दिलं. ग्रीकमध्ये थायरेऑस म्हणजे मोठी ढाल. कंठाची कूर्चा ढालीसारखी आहे, ग्रंथी नाही. आपल्या पुस्तकांत अवटु ग्रंथी म्हणतात.

चाफाताई, माझ्याकडे अँफिऑक्ससच्या घशाच्या आडव्या चकतीची एक जुनी स्लाइड आहे, कार्माइनने रंगवलेली. निवृत्तीच्या वेळी कॉलेजने मोडीत काढलेल्या पेटीतून मागून घेतली होती. मायक्रोस्कोपही घरीच आहे. मुलाला घेऊन रविवारी या. निवटीबाई, लॅबमधल्या ताई, तुम्हीही या.

कोलबाडचा_चाफा (ठाणे) | रविवार, रात्री १०:३०

आज गेलो होतो. निवटीताई आल्या होत्या, लॅबमधल्या ताईंना सुट्टी नव्हती.

सरांनी आधी त्याला नुसतं बघू दिलं, काही सांगितलं नाही. मग विचारलं, वर काय दिसतं? तो म्हणाला, एक गोल ठिपका आणि त्याच्याखाली मोठा गोल. सर म्हणाले, वरची चेता रज्जू, खालचा पृष्ठरज्जू, तुझा कणा जिथे आहे तिथलाच. आता खाली खाली ये. त्याच्या खाली मोठी पोकळी, भोवती काड्यांसारखे तुकडे उभे, त्या कल्ल्यांच्या पट्ट्या. आता अगदी तळाला जा. तो बराच वेळ स्क्रू फिरवत राहिला. मग म्हणाला, इथे एक वाटी आहे, तिच्या पेशी उभ्या उभ्या आहेत आणि बाकीच्यांपेक्षा गडद आहेत.

मी पण पाहिलं. पोकळीच्या तळाला लालसर, जाड पेशींची छोटीशी वाटी, तोंड वर करून. सरांनी सांगितलेली पन्हळ आडवी कापली की अशी वाटी दिसते.

मुलाने विचारलं, यात आयोडीन कुठे आहे? सर म्हणाले, या रंगात ते दिसत नाही, त्याला वेगळा प्रयोग लागतो. पण जागा दाखवतो. त्यांनी त्याला वाटीच्या तळापासून कडेकडे न्यायला सांगितलं, थांब म्हणाले, आणि म्हणाले, हे पट्टे. इथे. तो मान न हलवता बघत राहिला आणि त्याचा डावा हात आपोआप गळ्यावरच्या टाक्यांपाशी गेला.

सर, त्याने विचारलंय की हर्डमानिया कधी दाखवाल. पेटीत आहे का?

जुनी_स्लाइड (नौपाडा) | रविवार, रात्री १०:५०

स्लाइड नाही, बाटलीत अख्खा आहे. फॉर्मालिन बदलून ठेवतो. पुढच्या रविवारी दहा वाजता, चष्मा आणि हातमोजे माझ्याकडे आहेत.